कोरगुटाची काडी

तेरेखोल नदी मनोहरगडाच्या डोंगरात उगम पावते. वरच्या अंगाला तिला बांद्याची नदी म्हणतात. पुढे ती सिंधुदुर्ग आणि पेडणे यांच्यामधली सीमा होते आणि केरीजवळ समुद्राला मिळते. मुखाशी, उत्तरेच्या काठावर, तेरेखोलचा किल्ला आणि गाव. गाव गोव्याचे, पण जमिनीने महाराष्ट्राला जोडलेले; उरलेल्या गोव्यात यायचे तर केरीची फेरीबोट धरायची. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला 1746 मध्ये पोर्तुगिजांकडे गेला, 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकवला आणि पुढे त्याचे हॉटेल झाले. पर्यटकाला एवढी माहिती पुरते. भात पिकवणाऱ्याची या नदीशी ओळख निराळी असते. दिवसातून दोनदा भरतीचे पाणी तिच्यात शिरते आणि मिठासकट बरेच आत चढते. पावसाळ्यात डोंगराचे पाणी त्याला मागे रेटते. पाऊस सरला की मीठ पुन्हा पुढे सरकते. नदीकाठच्या भातशेतीचे सगळे वेळापत्रक या रेटारेटीवर बसवलेले आहे.

या पुस्तकाचा विषय जनुक संपादन हा आहे. म्हणजे पिकाच्या पेशीत शिरून त्याच्या आनुवंशिक मजकुरातली नेमकी जागा गाठायची, तिथे लहानसा बदल करायचा आणि त्यातून सुधारलेले वाण काढायचे. असे विषय प्रयोगशाळेपासून सुरू करण्याचा रिवाज आहे. मी तो खाजनापासून सुरू करतो आहे. गोव्यात या तंत्राचा शेतकऱ्याला खरा उपयोग व्हायचा असेल तर तो आधी खाजनात व्हावा, असे मला वाटते. आणि तो कोणत्या वाणावर व्हावा याबद्दलही माझे ठाम मत आहे. ते लपवून ठेवून तटस्थपणाचा आव आणण्यापेक्षा प्रस्तावनेतच सांगून टाकलेले बरे.

गोव्यात खाजन जमीन सुमारे 18 हजार हेक्टर धरली जाते. खाडीकाठची दलदल बांध घालून समुद्राकडून सोडवून घेतलेली ही जमीन. बाहेर खारफुटी, मग मातीचा आणि जांभ्या दगडाचा बांध, आत भाताचे कुणगे आणि पाणी खेळवणारी पोंय. बांधात मानस, म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरती चढली की पाण्याच्याच दाबाने झडपा मिटतात. ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. वीज नाही, पंप नाही. गावकरीच्या, म्हणजे ग्रामसंस्थेच्या, व्यवस्थेने शतकानुशतके हे सांभाळले. पुढे कुळकायदा आला आणि बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. त्यानंतर काय काय झाले हा वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे, पण त्याची एक बाजू शेवटी आपल्याला पाहावीच लागेल.

बांध कितीही चांगला असला तरी खाजनाची माती गोडी होत नाही. उन्हाळ्यात खालचे मीठ वर येते, कुणग्यांवर पांढुरके पापुद्रे धरतात. पहिल्या जोरदार सरींनी ते धुऊन निघाले की सरदाची, म्हणजे पावसाळी पिकाची, पेरणी. पाऊस वेळेवर लागला, मधे फार उघडीप पडली नाही आणि लोंब्या भरेपर्यंत टिकला, तर पीक हाती येते. मिठाच्या बाबतीत भात दोन वेळा हळवा असतो: एकदा रोप कोवळे असताना आणि एकदा फुलोऱ्यात. दुर्दैवाने पावसाचा लहरीपणाही नेमका याच दोन टोकांना दिसतो.

या जमिनीसाठी गोव्याच्या शेतकऱ्यांनी ज्या जाती निवडून राखल्या त्यांत कोरगुट सर्वांत नावाजलेली. रोप उंच, दाण्याला कुसळ, तांदूळ तांबूस. उकडा करून पेज केली तर तिची चव ज्याने लहानपणी घेतली तो दुसरी पेज मन लावून पीत नाही. कोरगुट मीठ सोसतो आणि कुणग्यात पाणी साचले तरी मान वर ठेवतो. त्याचा दोष सर्वांना माहीत आहे: उत्पन्न थोडे आणि काडी कमजोर. लोंबी भरली, वारा आला की पीक आडवे. आडवे पडलेले भात खाजनाच्या चिखलात कापणे म्हणजे काय, हे कापणाऱ्यांनाच विचारावे. जया आणि ज्योती या सुधारित जाती आल्या तेव्हा जिथे जिथे जमिनीने साथ दिली तिथे तिथे लोकांनी त्या उचलल्या, यात नवल नाही. कोरगुट उरला तो मुख्यतः मिठाच्या आडोशाला.

जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने या जातीकडे पाठ फिरवली नाही, ही गोष्ट कृतज्ञतेने नोंदवली पाहिजे. गावोगावच्या कोरगुटातून निवड करून तिथल्या शास्त्रज्ञांनी गोवा धान-1 आणि गोवा धान-2 ही वाणे काढली. त्यांची मूळ नावे केएस-12 आणि केएस-17. पलीकडे महाराष्ट्रात पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-1, 2 आणि 3 दिली. केरळात पोक्काळी आहे, बंगालकडे नोना बोक्रा आहे. पश्चिम किनाऱ्यापासून सुंदरबनापर्यंत खाऱ्या पाण्याशी जुळवून घेतलेल्या भातांची एक मोठी बिरादरी आहे, आणि आधुनिक विज्ञान मिठाबद्दल जे शिकले त्यातले बरेचसे याच बिरादरीकडून. पोक्काळीच्या पहिल्या गुणसूत्रावरचा सॉल्टोल हा पट्टा जगभरच्या पैदासकारांनी वापरला. नोना बोक्रातून 2005 मध्ये जे जनुक नेमके ओळखले गेले, ते मुळांतून वर चढणारे सोडियम वाटेतच काढून घेते आणि पानांपर्यंत पोचू देत नाही.

आता प्रयोगशाळेकडे वळू. तिथेही सुरुवात मिठागरातच होते.

स्पेनच्या किनाऱ्यावर सांता पोला येथे मिठागरे आहेत. आपल्या पेडण्यात आगरवाड्याला आहेत तशीच. तिथल्या कडक खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या एका सूक्ष्मजीवावर फ्रान्सिस्को मोहिका हे तरुण संशोधक 1990 च्या सुमारास काम करत होते. त्याच्या डीएनएत त्यांना ठरावीक अंतराने तोच तोच मजकूर पुन्हा येताना दिसला. असाच प्रकार 1987 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी आतड्यातल्या एका जिवाणूत पाहिला होता, पण त्याचा अर्थ लागला नव्हता. मोहिका त्या पुनरुक्तीच्या मागे अनेक वर्षे लागले. 2005 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की त्या ठरावीक मजकुरांमधल्या मोकळ्या जागांत विषाणूंच्या डीएनएचे तुकडे साठवलेले आहेत. सूक्ष्मजीव आपल्या शत्रूंची ओळख जपून ठेवत होता. यालाच आज क्रिस्पर म्हणतात. ती ओळख घेऊन फिरणारे आणि शत्रू सापडताच त्याचा डीएनए कापणारे कॅस-9 हे प्रथिन आपल्याला हव्या त्या जागी पाठवता येते, हे 2012 मध्ये एमान्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांनी दाखवले. 2020 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्या दोघींना मिळाले. मोहिकांना मिळाले नाही, आणि ते मला आजही थोडे खटकते.

भाताच्या डीएनएत सुमारे 40 कोटी अक्षरे आहेत. त्यातली हवी ती वीसेक अक्षरांची ओळ सांगणारा मार्गदर्शक रेणू आणि कॅस-9, ही जोडी भाताच्या पेशीत सोडतात. ती जागा सापडली की कॅस-9 तिथे काप देते. पेशी ताबडतोब तुटलेली टोके जोडू पाहते, आणि या घाईत एखाददुसरे अक्षर गळते किंवा जास्तीचे पडते. तेवढ्याने त्या जनुकाचा अर्थ बिघडतो आणि ते बंद पडते. पेशीपासून रोप वाढवायचे, त्याचे बी धरायचे, आणि पुढच्या पिढीतून अशी रोपे निवडायची की ज्यांत बदल तर आहे पण कापणारी जोडी राहिलेली नाही. मुद्रितशोधकाने एक अक्षर खोडावे आणि छापलेल्या पानावर त्याच्या लेखणीचा मागमूसही नसावा, तसे.

एखादे जनुक बंद पाडून पीक सुधारते कसे, असे वाचणाऱ्याला वाटेल. त्याचे उत्तर आपल्याच ताटात आहे. मूळ भात तांबडाच होता. दुकानात मिळणारा पांढरा तांदूळ बहुतेक सगळा एका अपघाताची संतती आहे: रंगाच्या जनुकातली 14 अक्षरे कधीतरी गळली, कोणाला तरी तो पांढरा दाणा आवडला, आणि त्याने तो राखला. हरितक्रांतीची बुटकी काडीही अशीच. ताइवानच्या एका भातात उंची वाढवणाऱ्या जनुकातली 383 अक्षरे गायब होती; त्याच्या वंशातून 1966 चे आयआर-8 आले आणि 1968 ची जया आली. पेडण्याच्या ज्या शेतकऱ्याने कधीतरी जया पेरली, त्याने त्या गळालेल्या अक्षरांचे पीक घेतले. निसर्गात हे घडायला हजारो वर्षे आणि पुष्कळ नशीब लागते. क्रिस्परने ते नशीब नेमके झाले, एवढाच त्याचा पराक्रम. पण एवढाही थोडा नाही.

भारतात हे तंत्र शेतापर्यंत आल्याची अधिकृत तारीख 4 मे 2025. त्या दिवशी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जनुक संपादित भाताची दोन वाणे जाहीर केली. पहिले, हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचे डीआरआर धान-100, म्हणजेच कमला. सांबा महसुरी या लाडक्या बारीक तांदळात एक जनुक बंद करून लोंबीतले दाणे वाढवले, शिवाय पीक सुमारे वीस दिवस आधी तयार होते, असा संस्थेचा दावा आहे. ते आपल्या विषयाला लांबचे. दुसरे मात्र थेट आपल्या दारातले: दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पुसा डीएसटी राइस-1.

डीएसटी हे जनुक 2009 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी शोधले. पानांवरची रंध्रे किती असावीत आणि किती उघडी राहावीत यावर त्याचा अंमल चालतो. ते बंद केले की रंध्रे कमी होतात आणि लवकर मिटतात. रोप पाणी कमी उडवते, म्हणून जमिनीतून पाणी कमी ओढते, आणि पाण्याबरोबर येणारे मीठही कमी येते. कोरड आणि खार या दोन्ही दुखण्यांवर हा एकच इलाज. दिल्लीच्या संस्थेने एमटीयू-1010, म्हणजे आंध्रातली कोटोंडोरा सन्नालू, ही देशभर पेरली जाणारी जात घेऊन तिच्यातले हे जनुक बंद केले. किनारी खाऱ्या जमिनीत मूळ जातीपेक्षा उत्पन्न सुमारे 30 टक्के जास्त येते, असे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने सांगितले. चाचण्यांच्या आकड्यांवर जनुकबदलविरोधी संघटनांनी जाहीर आक्षेप घेतले, परिषदेने ते फेटाळले. मला विचाराल तर किनाऱ्यावरच्या आकड्याचा निवाडा किनाऱ्यावरच व्हावा: एक वर्ष चांगल्या पावसाचे, एक उघडिपीचे, आणि दोन्ही वर्षी शेजारच्या कुणग्यात गोवा धान लावून.

कारण तुलना कोणाशी, हाच माझा मूळ मुद्दा आहे. 30 टक्के वाढ धरली ती मूळ एमटीयू-1010 पेक्षा. पण खाजनात एमटीयू-1010 पेरतो कोण? तिथला प्रतिस्पर्धी कोरगुट आहे. एमटीयू-1010 बुटकी, तिचा दाणा लांब, बारीक, पांढरा. खाजनात पाणी गुडघ्यापर्यंत चढले की बुटक्या रोपाची दशा होते. आणि तांबड्या उकड्याची सवय असलेल्या घरात तो तांदूळ शिजणार, पण पेजेला नाही. वाण चांगले असेल, किनाऱ्यावरच्या इतर राज्यांत ते नांदेलही. पेडण्याच्या खाजनासाठी मात्र ते उलट्या टोकाने आलेले आहे. उत्पन्न देणाऱ्या जातीला मीठ सोसायला शिकवायचे, ही एक वाट. मीठ सोसणाऱ्या जातीची काडी ताठ करायची, ही दुसरी. मला दुसरी वाट खरी वाटते.

मीठ सोसणे हा एका जनुकाचा खेळ नाही. मूळ, खोड, पान, पेशीच्या आतले कप्पे असे अनेक भाग त्यात गुंतलेले असतात, आणि कोरगुटात हा सगळा संसार कित्येक पिढ्यांच्या निवडीने बसलेला आहे. तो संसार उचलून दुसऱ्या जातीत नेणे फार अवघड. उलट कोरगुटाचे दोष साधे आहेत. काडीची उंची ठरवणारे मुख्य जनुक माहीत, दाण्यांची संख्या ठरवणारी जनुके माहीत. ही नुसती कल्पना नाही. 2019 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी कसलाथ आणि तेतेपु या दोन जुन्या देशी भातांतले उंचीचे तेच जनुक क्रिस्परने बंद करून त्यांच्या बुटक्या ओळी तयार केल्या. 2020 मध्ये आफ्रिकेच्या काब्रे या जुन्या भातावर असेच काम प्रसिद्ध झाले. तिथे दाण्याची आणि लोंबीची जनुके संपादित केली. जुन्या जातीचा स्वभाव न मोडता तिची खोड काढता येते, एवढे या प्रयोगांनी दाखवले आहे.

यात सोपे काही नाही. कोरगुट फार बुटका केला तर तो पाण्यात बुडेल, म्हणजे आपण त्याचा एक गुण घालवून बसू. उंची थोडीच उतरवायची आणि काडी जाड करायची, हे एका कापाचे काम नाही. शिवाय प्रत्येक भात पेशीपासून रोप होण्यात सारखे सहकार्य करत नाही. देशी जाती या बाबतीत हट्टी म्हणून प्रसिद्ध आहेत. आणि कोरगुट हे एकच वाण नाही, गावागणिक त्याचे रूप वेगळे आहे. कोणत्या गावचा कोरगुट घ्यायचा, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही. या अडचणींची तपशीलवार चर्चा पुढील प्रकरणांत आहे, तिथे मी लुडबुड करत नाही.

कायद्याबद्दल दोन शब्द. बीटी कापसात जिवाणूचे जनुक भरले होते. बीटी वांग्यातही तेच, आणि त्याला फेब्रुवारी 2010 मध्ये स्थगिती मिळाली. त्या वादाची धग अजून गेलेली नाही. संपादित पिकात बाहेरचे जनुक शिल्लक नसेल तर त्याला जनुकबदल केलेल्या जीवांविषयीच्या 1989 च्या नियमांतल्या मुख्य अटींमधून मोकळीक, असे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने 30 मार्च 2022 रोजी ठरवले. विज्ञान म्हणून हा भेद मला पटतो. पण मोकळीक म्हणजे मौन नव्हे. कोणत्या अक्षरात काय बदलले, अनवधानाने दुसरीकडे कुठे काप गेला का, चाचण्या कुठे झाल्या, हे सगळे शेतकऱ्याच्या भाषेत उघड असायला हवे. ते झाले नाही तर संशय वाढतो, आणि त्या संशयाला अडाणीपणा म्हणण्याचा हक्क कोणालाही राहत नाही.

मालकीचा प्रश्न मला सुरक्षिततेपेक्षाही अवघड वाटतो. क्रिस्पर-कॅस-9 ची पेटंटे परदेशी विद्यापीठे, संस्था आणि कंपन्यांकडे आहेत. संशोधनासाठी ते वापरणे वेगळे आणि बियाणे विकणे वेगळे. कटकच्या भात संशोधन संस्थेतले डॉ. कुतुबुद्दीन मोल्ला यांच्या गटाने टीएनपीबी या दुसऱ्या प्रथिनावर आधारलेले आटोपशीर साधन तयार करून त्याचे भारतीय पेटंट मिळवले, ही म्हणूनच महत्त्वाची घटना. पण साधनाची मालकी सुटली तरी बियाची उरतेच. 2001 च्या पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. छापील नावाच्या पिशवीत भरून विकायची तेवढी मनाई. संपादित कोरगुट उद्या आलाच तर तो या हक्कासकट आला पाहिजे. ज्यांच्या आजोबांनी मिठातून हे बी निवडले, त्यांनी त्याचेच बी दरवर्षी विकत घ्यावे, हे मला मान्य होणार नाही.

आणि आता बांध. कोणतेही जनुक बांधाच्या जागी उभे राहत नाही. कोरगुट मीठ सोसतो म्हणजे पावसाने धुतलेल्या मातीत उरलेले मीठ सोसतो. समुद्राचे पाणी आत आले तर तो मरतो, पुसा डीएसटीही मरेल. आज खाजने पडीक पडत आहेत त्याची कारणे बियात नाहीत. खेकडे बांध पोखरतात, ते पूर्वी वेळेवर बुजवले जात, आता ते करायला माणसे नाहीत. मासळीच्या लिलावाच्या लोभाने मानशीची दारे नको तेव्हा उघडी राहतात. वाळूच्या बेकायदा उपशाने तेरेखोलसारख्या नद्यांचे काठ ढासळतात. डिचोलीकडे खाणींचा गाळ शेतात उतरतो. एकदा बांध फुटून वर्षभर तसाच राहिला की आत खारफुटी धरते, आणि मग ती तोडायला कायदा आडवा येतो. जमिनीचा भाव इतका चढला आहे की पडीक शेत हेच काहींना सोयीचे वाटते. संपादित वाणाची घोषणा करायला दिल्लीत एक सकाळ पुरते; फुटलेल्या बांधाच्या फाईलला किती पावसाळे लागतात, हे पेडण्याच्या कोणत्याही कुळाला विचारा.

तरीही या तंत्राला मी पाठ दाखवणार नाही. पाऊस पूर्वीच्या वेळापत्रकाने पडेनासा झाला आहे, समुद्राची पातळी वाढते आहे, आणि कापणीला माणसे मिळत नाहीत म्हणून यंत्र लावायचे तर उभे राहणारे भात हवे. कोरगुट आहे तसाच ठेवा, असे म्हणणारे बहुतेक लोक तो स्वतः कापत नाहीत. काडी ताठ झाली तर तो आणखी एक पिढी शेतात राहील. नाही झाली तर तो जनुकपेढीतल्या थंड पाकिटात राहील, आणि त्याला मी राहणे म्हणत नाही.

पुस्तक वाचताना काही शब्द अडतील. ते सोडून पुढे जावे, पुन्हा येतील तेव्हा उमगतील. आणि एक विनंती आहे. पेडणे, डिचोली, बार्देश किंवा पलीकडे आरोंदा-सातार्ड्याच्या बाजूला कोणाच्या घरी जुन्या खाजनी भाताचे बी अजून असेल, तर ते येत्या सरदात एका तरी कुणग्यात पेरावे, त्यातले मूठभर जुने गोवे येथील संस्थेला नेऊन द्यावे आणि देताना गावाचे नाव आवर्जून लिहून ठेवायला सांगावे.